चऱ्होलीच्या बाजरीतला चौकोन

आमच्या ज्योतीराम भावजींना वांगी आणायला पाठवू नये. मी एकदा पाठवलं होतं, नवी लग्न होऊन आले तेव्हा. भोसरीच्या बाजारातनं पिशवी भरून आणली आणि माझ्यापुढं ठेवली. बघते तर निम्मी किडकी. म्हणलं, "अवो भावजी, डोळं कुठं ठेवलं हुतं? दाबून, बघून घ्यायची का न्हाई?" तर हा पोरगा, तेव्हा पोरगाच, नुकतं मिसरूड फुटत होतं, खाली मान घालून म्हणतो, "वरची वरची घेतली वैनी. समदेच निवडून घ्याया लागले तर किडकी कुणी न्यायची?" मी कपाळाला हात लावला. सासूबाई चुलीपुढून म्हणाल्या, "त्येला निवडाया येतच न्हाई गं. ल्हानपणापासनं तसाच हाय."

खरंच तसाच. जत्रेत पाठवा, दुकानदार देईल ते घेऊन येणार. ताटात पहिली करपलेली भाकरी पडली तर तीच खाणार, वर दुसरी मागणार नाही. मला आधी हसू यायचं, मग राग यायला लागला. माणसानं इतकं गरीब असू नये. गरीब गाईला गोचिड्या जास्त, म्हणतात ते काय उगीच?

मी मंजुळा. सासर मोशी, माहेर चऱ्होली. मधे डुडुळगाव, तेवढंच अंतर. सकाळी गाडी जुंपली की न्याहारीच्या वक्ताला माहेरच्या ओसरीवर. आमचे मालक सोपानराव, म्हणजे भावजींचे थोरले भाऊ, शेती बघतात. सासरे लवकर गेले, तेव्हापासून धाकट्याला शिकवायचंच हे मालकांनी मनावर घेतलं होतं. "एक नांगरामागं, एक पुस्तकामागं," असं चारचौघांत सांगायचे आणि मिशीवरनं हात फिरवायचे. भावजींचं पुण्याच्या कॉलेजात नाव घातलं तेव्हा तर मालकांचे पाय जमिनीला लागत नव्हते.

कॉलेज म्हणजे हाल हो नुसते. उजाडायच्या आत सायकल मारत कासारवाडीचं स्टेशन गाठायचं, तिथून गाडीनं शिवाजीनगर. डब्यात माझ्या हातची भाकरी आणि ठेचा. परतताना पिंपरीच्या बाजूनं धुळीत माखून यायचे, कारण तिथं औषधाचा कारखाना उभा राहत होता आणि रस्ताभर मातीच्या गाड्या. सदरा एकच बरा. तो रोज धुवायचा कुणी? वैनीनं. माझ्या हाताची सालं गेली त्यात.

दुसऱ्या वर्षाला त्यांना एक नवा विषय लागला, संख्याशास्त्र. नको असला तरी घ्यावाच लागतो म्हणे. इंग्रजीत शिकवायचे, आणि सर फळ्याकडं तोंड करून बोलायचे, त्यामुळं निम्मं इंग्रजी फळ्यालाच कळायचं. पहिल्या चाचणीत भोपळा मिळाला. घरी येऊन भावजी गोठ्यात जाऊन बसले ते उठेनात. बैलाच्या पाठीवरनं हात फिरवत बसले होते. मालक म्हणाले, "शेतीला ये मग, काय लाज हाय का त्यात?" तर तेही नको. पुढं जाता येईना, मागं फिरता येईना.

मग एक दिवस वेगळाच चेहरा घेऊन आले. मी भाकऱ्या थापत होते. समोर पाट ओढून बसले आणि म्हणाले, "वैनी, आज सरांनी सांगितलं, खरं माप काढायचं तर आपुन निवडायचंच न्हाई."

"मग कुणी निवडायचं? तुमच्या सरांनी?"

"सरांनीबी न्हाई. आकड्यानं."

पिशवीतनं एक पुस्तक काढून दाखवलं. पानंच्या पानं नुसते आकडे. ना बेरीज, ना वजाबाकी, ना मागं काही, ना पुढं काही. म्हणलं, ही कसली पोथी? तर मला समजावून सांगायला लागले. "समजा वैनी, ज्वारीचं पोतं हाय. पारख करायला मूठ घ्यायची. तुमी विकणार असाल तर कुठनं घ्याल?"

"चांगली दिसंल तिथनं."

"आन् घेणारा?"

"त्यो मेला कीड बघून घील."

"म्हंजे दोघांनीबी पोतं बघितलंच न्हाई. आपापलं मन बघितलं. म्हणून डोळं झाकून मूठ घालायची. पर माणसाला डोळं झाकूनबी लबाडी करता येते, म्हणून मग ह्यो आकडा. त्येला ना सासर, ना माहेर."

"लई शहाणे झालात," मी म्हणलं. पण खरं सांगते, बरं वाटलं. जन्मभर ज्याला आम्ही हसलो, निवडता येत नाही म्हणून, त्याला बरोब्बर असा एक विषय सापडला होता जिथं न निवडणं हीच हुशारी. त्या दिवसापासून भावजी त्या विषयाच्या मागंच लागले. पुढच्या चाचणीत पासही झाले.

आता या माणसानं जन्मात एकच गोष्ट स्वतः निवडली, ती सांगते. माझा थोरला भाऊ दत्तोबा, त्याची लेक गोजा. मला माहेराहून आणायला भावजी गाडी घेऊन गेले होते, आणि बैल बांधताना दाव्याची गाठ चुकली म्हणून गोजानं त्यांना असं झापलं, असं झापलं, की आम्ही बायका तोंडाला पदर लावून हसत होतो. त्यानंतर मालकांनी स्थळं काढली. चिखलीचं एक, वाघोलीचं एक. सासूबाई म्हणाल्या, "त्येला काय इचारायचं, आपुन सांगू ती." तर भावजी चुलीकडं बघत म्हणाले, "गोजा."

"कोण गोजा?"

"दत्तोबादादांची. दुसरी नगं."

माझ्या हातातली कढई पडली. वांगी न निवडणारा माणूस! मी त्याच पावली माहेर गाठलं. चैत्रात सुपारी फुटली, हिरवी साडी आणि नारळ गोजाच्या ओटीत पडला. लग्न पुढच्या वैशाखात, परीक्षा झाली की. भावजी तेव्हापासून सायकलवर शीळ घालायचे. सासूबाईंना ते आवडायचं नाही, मला आवडायचं.

त्या साली पावसानं श्रावणात दडी मारली. बाजरी पोटऱ्यात आली आणि तिथंच सुकायला लागली. गावोगाव एकच बोलणं, आणेवारी किती लागणार. शेतकऱ्याच्या घरात हे सांगावं लागत नाही, पण तुम्ही शहरातले असाल म्हणून सांगते. सोळा आणे म्हणजे भरलं पीक. सरकारची माणसं येऊन नजरेनं ठरवतात, या गावाला पाच आणे, त्या गावाला आठ. सहाच्या आत राहिलं तर शेतसाऱ्यात सवलत, वर गेलं की भरा मुकाट्यानं. मग गाव काय करतं? साहेबांना आधी पोटभर जेवायला घालतं, मग खडकाळ माळावरनं फिरवतं. मळ्याच्या अंगाला फिरकू द्यायचं नाही. यात कुणालाच वावगं वाटत नाही. साहेबालाही सगळं ठाऊक असतं, तोही ढेकर देऊन म्हणतो, "वाईटच आहे हो पीक." ही रीतच आहे.

आणि नेमकं तेव्हाच सरांनी वर्गातल्या पोरांना कामाला लावलं. प्रत्येकानं एकेका गावात जायचं, आकड्यानं एक शेत काढायचं, त्या शेतात आकड्यानंच एक जागा काढायची, तिथं दोरीनं चौकोन आखायचा, तेवढीच बाजरी कापायची, मळायची आणि तोलायची. काटा शेतकी खात्याचा, बरोबर शिपाईही खात्याचा. गावंसुद्धा त्या पोथीतनंच काढली. भावजींच्या वाट्याला चऱ्होली आली.

मला तर आभाळ ठेंगणं झालं. माझं माहेर! मी लगेच दादाला निरोप धाडला, जावई येतायत पीक बघायला, सरकारी काटा घेऊन. धाडणारच. माहेरी सांगायचं नाही तर कुठं सांगायचं? भावजी म्हणाले, "वैनी, आणेवारीशी ह्याचा संबंध हाय का न्हाई, मला ठावं न्हाई."

"सरकारी काटा हाय न्हवं?"

"हाय."

"मग संबंध कसा न्हाई?" म्हणलं. त्यांनाही मनातनं वाटतच होतं की हे कुठंतरी वर जाणार.

दादानं निरोप ऐकला आणि चावडीवर जाऊन छातीठोकपणे सांगून टाकलं, "काळजी नगं. काटा आपल्या जावयाच्या हातात हाय." झालं. अख्खी चऱ्होली निर्धास्त.

दसरा तोंडावर होता. मीही गाडीत बसून गेले, पुरणपोळीचा घाट होता म्हणून. चावडीवर रंगराव पाटील, तलाठी, गावातली पाचपंचवीस माणसं. भावजींनी ती पोथी उघडली, डोळे मिटून बोट टेकवलं, तलाठ्यानं तो नंबर आपल्या दप्तरात बघितला आणि मोठ्यानं वाचला. दत्तोबाचं शेत!

काय हशा पिकला म्हणून सांगू! रंगराव पाटलांनी भावजींच्या पाठीत थाप मारली. "वा रं पठ्ठ्या! सासऱ्याचंच काढलंस! शिकल्याचं चीज झालं!" गावाला वाटलं, पोरानं मुद्दाम काढलं, घरच्या घरात काय ते भागवायला. भावजी सांगायला लागले, "मी न्हाई काढलं, त्यो आकडा..." पण ऐकतो कोण? जितकं नाही म्हणावं तितके लोक डोळे मिचकावायचे. दादा तर फुलून गेला होता.

दादाचं शेत दोन तोंडाचं. वरचा तुकडा मुरमाड, तिथली बाजरी गुडघ्यालाही लागत नव्हती. खालच्या अंगाला विहीर. दादानं बैल मेटाकुटीला येईतो मोट हाकून तेवढा तुकडा जगवला होता. तिथं कणसं अशी, मनगटाएवढी. सगळे सरळ वरच्या तुकड्याकडं चालायला लागले. भावजी मात्र शेताच्या कोपऱ्यावर थांबले. पुन्हा पोथी उघडली. एक आकडा लांबीचा, एक रुंदीचा. पावलं टाकत निघाले. लोक बांधावरनं बघतायत. पावलं काही वर वळेनात. माणूस चालतोय आपला खाली, खाली, विहिरीकडं. बाजरी छातीपर्यंत आली तरी चालतोय. मग थांबले आणि खुंटी रोवली. दादाच्या साऱ्या शेतातली सगळ्यात दाट बाजरी तिथं होती, पाटाच्या कडेला.

पाटील अजून हसतच होते. "बरं, झाली गंमत. आता घ्या वर."

भावजींनी दोरी सोडली आणि दुसरी खुंटी रोवली.

हळूहळू सगळ्यांचं हसणं थांबलं. दादा बाजरीतनं वाट काढत माझ्याकडं आला. तोंड उतरलेलं. "मंजे, तुझं ऐकतो त्यो. सांग त्येला. गावाला मी शब्द दिलाय."

मी गेले. जाणारच. एका अंगाला सख्खा भाऊ, दुसऱ्या अंगाला पोटच्या पोरासारखा दीर, माझी अवस्था काय झाली असेल? भावजी गुडघ्यावर बसून दोरी ताणत होते. मी खाली वाकून म्हणलं, "भावजी, जरा वर घ्या की दोरी. कोण बघतंय?"

"वैनी, मी कुठं टाकली? ती पडली."

"तुमच्याच हातानं पडली न्हवं? मग त्याच हातानं उचला."

"उचलली की मग ती मी निवडल्याली होते. मग आकडा कशाला काढला? मग समदं खोटं."

"खोटं तर खोटं! खोट्यानं आजवर कुणाचं काय वाकडं झालं? साहेब काय खरं बघून लिवतो?" मला रडू यायला लागलं. म्हणलं, "तिकडं बघा तरी."

विहिरीच्या थारोळ्यापाशी, मोटेचं पाणी पडतं तिथं, गोजा ताकाची कळशी घेऊन उभी होती. तिला काय चाललंय ते कळत नव्हतं, पण बापाचं तोंड तिनं बघितलं होतं. भावजींनी तिच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "वैनी, मला येत न्हाई हो."

करणार नाही, असं म्हणाले असते तर मी भांडले असते. येत नाही म्हणाले. लहान मूल म्हणतं ना, सदऱ्याची गुंडी लावायला येत नाही, तसं. त्यावर काय बोलायचं? मी आजही म्हणते, हलवायला हवी होती. चार पावलं दोरी वर गेली असती तर आकाश कोसळलं नसतं. पण ज्याला येतच नाही त्याला मारून येतं का?

चौकोन कापला. कणसं झोडपली, उफणली. शिपायानं जांभई देत काटा धरला. त्याला काय सोयरसुतक? आकडा मोठा आला. एवढ्या टिचभर जागेत एवढी बाजरी, शिपाईसुद्धा म्हणाला, "झकास आहे हो पीक." दादा बांधावर उभा होता. त्यानं मान फिरवली.

मग जेवण. पानं मांडली होती, पुरणपोळ्या, कटाची आमटी, तुपाची वाटी. भावजींना पाटावर बसवलं, ताट वाढलं, आणि सगळे बाजूला झाले. त्यांच्या पंगतीला कुणी बसलं नाही. कुणी "घ्या" म्हणालं नाही. "अजून एक" म्हणालं नाही. जावयाला आग्रह नाही! आमच्याकडं भिकाऱ्यालाही दुसऱ्यांदा विचारतात. भावजींनी एक पोळी खाल्ली, ताटाला नमस्कार केला आणि हात धुतले. गाडीत बसायच्या आधी मालकांच्या वाटणीची एक पोळी दे म्हणून मी दादाच्या बायकोकडं, माझ्या वहिनीकडं, मागायला गेले, तर वहिनीनं दुरडीवर पदर टाकला. माझ्या माहेरात!

तरी मला वाटत होतं, निवळेल. आणेवारी कमी आली की सगळे विसरतील.

दसऱ्यानंतर साहेबलोक आले, जेवले, नजरेनं बघून गेले. आणेवारी सहाच्या वर लागली. चऱ्होलीचीच नाही, सगळ्या गावांची. डुडुळगावची लागली, आमच्या मोशीचीही लागली. वरून काय हुकूम होता देव जाणे. पण चऱ्होलीला कारण सापडलेलं होतं. दत्तोबाच्या जावयानं बुडवलं. आणि मजा बघा, मोशीतले लोकही आमच्या दारात येऊन म्हणायला लागले, "सोपानराव, तुमच्या कॉलेजवाल्यानं आमचंबी बुडवलं." मालकांची मिशीवरनं हात फिरवायची सवय तेव्हा गेली ती गेलीच.

दिवाळीच्या आधी दादानं माणसाकरवी साडी आणि नारळ परत पाठवला. हिरवी साडी, घडीही मोडलेली नव्हती. गोजानं ती सणासाठी ठेवली असणार. निरोप एवढाच, "सुपारी परत." माझ्यासाठी वेगळा निरोप नव्हता. भाऊबिजेला ये, असंही नाही.

भावजी त्याच दिवशी पुण्याला सरांच्या घरी गेले. सरांना विचारलं, सर, माझा तो आकडा मामलेदाराकडं गेला होता का? सर हसले म्हणे. "अरे वेड्या, तो आपल्या वर्गाचा अभ्यास आहे. मामलेदाराचा काय संबंध? आणेवारी ते त्यांच्या पद्धतीनं करतात, आपला आकडा कुणी बघतसुद्धा नाही." भावजींना वाटलं, सुटलो. आता हे जाऊन सांगितलं की दादाचा राग जाईल. कासारवाडीला उतरले ते घरी न येता सायकल मारत तसेच चऱ्होलीला. मी म्हणते, केवढी आशा असेल त्या पायांत!

दादा ओसरीवरच होता. आत ये म्हणाला नाही. भावजींनी अंगणात उभं राहून सगळं सांगितलं. तो आकडा कुठंच गेला नाही, कशातच धरला नाही, तुमचं माझ्यामुळं काहीच गेलं नाही. दादानं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "कशातच धरत न्हाईत?"

"न्हाई दादा. नुस्ता शिकायचा आकडा."

"मग दोरी हलवाया काय झालं हुतं तुला?"

म्हणे दाराआड बांगड्या वाजल्या आणि मग आतलं दार लागलं. दादाचं बोलणं मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं, आणि खोटं कशाला बोलू, मला तेव्हा दादाचंच पटलं. भावजींचं पटायला मला फार दिवस लागले, आणि अजूनही पुरतं पटलंय असं नाही.

माघात गोजाला महाळुंग्याला दिली. मला बोलावणं नव्हतं. चाकणच्या बाजारात एकदा दिसली, कडेवर मूल होतं. "आत्या" म्हणाली आणि नवऱ्याकडं बघून पुढं गेली. भावजी परीक्षा पास झाले, आता पिंपरीला त्या औषधाच्या कारखान्यात कारकून आहेत. चांगली स्थळं येतात. सासूबाई विचारतात, "कंची करायची?" ते म्हणतात, "तुमी म्हणाल ती." आणि आम्ही एखादी सांगितली की गप्प बसतात. चार वर्षं हेच चाललंय. मालक चिडतात, मी चिडते, पण भिंतीवर डोकं आपटून काय होणार?

एक गोष्ट मात्र मी घरात कुणाला सांगितली नाही. ती त्याच दिवाळीनंतरची आहे, कॉलेज नुकतंच उघडलं होतं तेव्हाची. भावजी संध्याकाळी आले, हातपाय धुतले आणि चुलीपुढं पाट ओढून बसले, पूर्वी बसायचे तसे. मी भाकरी थापत होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "आज समद्यांचे आकडे फळ्यावर मांडले, वैनी. सरासरी काढायला."

मी भाकरी तव्यावर टाकली.

"सर एकेकाला उठवून इचारत हुते. गाव कंचं, शेत कुणाचं, तुझ्या नात्यातलं हाय का. नात्यातलं असलं तर आकडा धरायचा न्हाई म्हणाले. नात्यात हात सैल पडतो, दोरी सरकते. एकाच्या मामाचं शेत निघालं, त्याचा आकडा पुसून टाकला."

माझा हात तव्यावरच थांबला. म्हणलं, "आदी का न्हाई सांगितलं त्यांनी हे? तुमी तवाच म्हणला असता सासऱ्याचं हाय, दुसरं शेत निघालं असतं!"

"आदी कुणाच्याच ध्यानात आलं न्हाई."

"मग? तुमचा पुसला?"

"मला उठवलं. शेत कुणाचं? म्हणलं, दत्तोबांचं, चऱ्होलीचे. तुझे कोण? म्हणलं, सासरे हुणार हुते." भावजी थांबले. चुलीतलं लाकूड उगीच पुढं सारलं. "सरांनी डस्टर उचललं, वैनी. मग माझ्याच तोंडातनं गेलं, आता कुणी न्हाईत, सर."

"आन् सर?"

"सर म्हणाले, मग हरकत न्हाई. डस्टर ठेवलं आन् आकडा धरला."

तव्यावरची भाकरी करपून काळी झाली होती. मला दुसरी टाकायचं सुचलं नाही, तीच त्यांच्या ताटात वाढली, आणि त्यांनी ती खाल्ली.